ठरावाचं गाव

महाडला पाणी दोन्ही बाजूंनी येतं. वरून महाबळेश्वराच्या कड्यावर पडलेला पाऊस पोलादपुरावरून सावित्रीत उतरतो, आणि खालून बाणकोटच्या खाडीतली भरती नदीत चढते. रायगडाच्या अंगाने येणारी गांधारी त्यात आपली भर घालते. वरचं पाणी आणि खालचं पाणी एकाच वेळी गावाशी आलं, की सुकट गल्लीतले दुकानदार कुणाच्या भोंग्याची वाट बघत नाहीत. गोणी, डबे, वजनकाटे मुकाट्याने माळ्यावर चढायला लागतात.

माझं आजोळ तिथलं, बाजारपेठेतलं. पावसाळ्यात आजी रोज सकाळी तिथी विचारायची, ती उपासासाठी नव्हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशीला नऊ. महाड आत असल्यामुळे त्यात आणखी थोडा वेळ धरायचा. हिशेब झाला की आजी आभाळाकडे बघून सांगायची, “आज नऊपर्यंत तग धरला तर मग भीती नाही.” आणि जिन्याच्या भिंतीवर रेघा होत्या. कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याची रेघ, शेजारी साल, कधी नुसतीच तिथी. पेन्सिलीच्या रेघा घर रंगवताना जपून सोडलेल्या. २००५ ची रेघ मात्र कुणी ओढली नव्हती. ती चिखलाने आपोआप उमटली आणि तशीच ठेवली गेली.

त्या घरात पुराच्या इतक्या गोष्टी मी ऐकल्या, की कुठल्या साली कुणाची म्हैस कुठल्या जिन्यावर चढवली होती हेसुद्धा सांगू शकेन. त्याच घरापासून पाच मिनिटांवर चवदार तळं आहे. शाळेच्या पुस्तकात ते मला भेटलं तेव्हा मी आनंदाने आजीला सांगायला गेलो, की अगं, आपलं तळं पुस्तकात आलंय! आजी म्हणाली, “हो का? बरं.” आणि भाजी निवडायला लागली. घरात पाण्याच्या इतक्या खुणा, आणि त्या एका पाण्याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा हे खटकलं नाही. आता खटकतं, आणि मी महाडच्या नगरपालिकेबद्दल वाचायला लागलो त्याचं खरं कारण हेच आहे.

खरं तर नगरपालिकेसारखा रुक्ष विषय नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला. मधल्या काळात तिची आठवण होते ती गटार तुंबल्यावर. पण महाडच्या बाबतीत मला असं वाटायला लागलं आहे, की हे गाव नदीने वसवलं, बंदराने वाढवलं आणि नगरपालिकेने, म्हणजे तिच्या एका कागदाने, जगाला माहीत करून दिलं.

नदीकाठची वस्ती जुनी. गावाबाहेर महामार्गालगत पाल्याच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालिताचं नाव आहे. डोंगरात लेणी कोरणाऱ्यांना धान्य, पैसा आणि पाहुणे लागतात, आणि ते वाटेवरच मिळतात. वाट इथे होती. समुद्रातून बाणकोटला शिरायचं, भरतीच्या पाण्यावर सावित्रीतून वर यायचं, दासगाव घ्यायचं, आणि पुढे पडाव, म्हणजे मालाची होडी, हलका असेल तर थेट महाड. इथून बैलांच्या पाठीवर माल घाटावर. वरंध्याने भोरकडे, पार घाटाने वाईकडे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे, तिकडून धान्य खाली यायचं. सुकट गल्ली हे नाव याच व्यापाराचं आहे आणि तो वास अजून गेलेला नाही, हे मी नाकाने सांगतो.

मग रायगड आला. १६७४ साली राज्याभिषेक झाला ती राजधानी इथून दोन तासांच्या घोडदौडीवर. राजधानीला बाजार लागतो आणि बाजाराला बंदर. पुढे पेशवाईत या गावाला एक वेगळीच भूमिका मिळाली, ती म्हणजे पुण्यात बिनसलं की जाऊन बसायची जागा. १७९६ मध्ये नाना फडणीस इथे येऊन राहिले आणि इथूनच त्यांनी दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्याची सगळी जुळवाजुळव केली. सहा वर्षांनी, १८०२ मध्ये, होळकरांकडून हडपसरला मार खाल्लेला तोच बाजीराव पळत महाडला आला आणि पुढे किनाऱ्याने वसईकडे गेला. कारस्थान करायला आणि पळून जायला एकच गाव सोयीचं ठरलं. कारण डोंगर पाठीशी, समुद्र हाताशी. १८१८ मध्ये इंग्रज आले.

इंग्रज इथे आधीपासून शेजारी होतेच. १७५६ पासून बाणकोट त्यांच्याकडे होतं आणि दासगावही. याचा एक परिणाम असा झाला, की या टापूतल्या महार तरुणांना कंपनीच्या पलटणीची वाट लवकर सापडली. पलटणीत शाळा होती. तिथून पेन्शन घेऊन परतलेला माणूस लिहू-वाचू शकायचा, अर्ज करू शकायचा, आणि मुख्य म्हणजे साहेबापुढे उभं राहायची त्याला सवय असायची. हे लक्षात ठेवायला हवं. महाडला पुढे जे घडलं ते मुंबईहून कुणी आणून ठेवलेलं नव्हतं.

आता नगरपालिका. १८५० साली २६ वा कायदा झाला. गावातल्या रहिवाशांची इच्छा असेल तर तिथे सुधारणेसाठी कमिटी नेमता यावी, तिला कर बसवता यावेत, असा त्याचा मतलब. पनवेलने १८५२ मध्येच हा मान घेतला. महाडची नगरपालिका १८६६ ची. तेव्हाचं तिचं स्वरूप आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. सरकारी अधिकारी अध्यक्ष, गावातली चार वजनदार माणसं सभासद, रस्त्यावर रॉकेलचे दिवे, थोडी झाडलोट, देवी टोचण्याची व्यवस्था. लोकांनी निवडून द्यायचे सभासद व्हाइसरॉय रिपनसाहेबाच्या १८८२ च्या धोरणानंतर, १८८४ च्या कायद्याने आले, आणि तेही सगळे नाहीत. मत कुणाला? जो ठरावीक कर भरतो त्याला. म्हणजे गावाचा कारभार ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच तो राहिला, फक्त चावडीऐवजी कचेरीत.

पण कचेरीत गेल्यामुळे एक गोष्ट बदलली, आणि ती कुणी मुद्दाम बदलली नाही. गावातले रस्ते, गटारं, मोकळ्या जागा आणि तळी नगरपालिकेच्या नावावर लागली. पुढच्या कायद्यांनी, विशेषतः १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने, हे पक्कं केलं. तोवर तळं गावचं होतं. गावचं म्हणजे कुणाचं, हे विचारायची सोय नव्हती. कारण गाव म्हणजे कोण? रूढी कुणी घातली ते विचारायला जावं तर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. नगरपालिकेचं तसं नाही. तिला दार आहे, शिक्का आहे, सभेचं इतिवृत्त आहे. तिला अर्ज करता येतो, आणि तिने उत्तर दिलं नाही तर उत्तर दिलं नाही असं लिहून ठेवता येतं.

ही फट पहिल्यांदा कुणाला दिसली? गोपाळबाबा वलंगकरांना दिसली, असं मी म्हणेन. महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त झाले, दापोलीला राहिले, अस्पृश्यतेवर कडाडून लिहिलं. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. लोकल बोर्ड आणि नगरपालिका वेगवेगळ्या, पण माणसं त्याच वर्तुळातली. वलंगकर सभेला येऊन बसणार म्हटल्यावर उच्चवर्णीय सभासद बिथरले. खुर्ची सरकारने दिलेली, ती काढून घेता येईना. मग आपण कुठे बसायचं हा प्रश्न पडला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या बत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. तळ्याच्या आधी महाडमध्ये भांडण खुर्चीवरून झालं होतं.

मग १९२३. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी ठराव आणला, की सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ४ ऑगस्टला तो मंजूर झाला. सरकारने तो जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवला, तिथून तो गावोगावच्या संस्थांकडे गेला. बहुतेकांनी अशा कागदाचं जे होतं तेच केलं असणार, म्हणजे फाइलला लावला. महाडने लावला नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस तेव्हा नगरपालिकेचे अध्यक्ष. ५ जानेवारी १९२४ ला नगरपालिकेने ठराव केला, की चवदार तळं सर्वांना खुलं आहे.

हा ठराव करताना सभासदांच्या मनात काय होतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. टिपणिसांना ते मनापासून हवं होतं यात शंका नाही. पुढच्या सगळ्या धामधुमीत ते बाबासाहेबांच्या बाजूनेच राहिले. पण बाकीच्यांचं काय? मला वाटतं, त्यांना वाटलं असेल की ठराव करायला काय जातंय. ठराव म्हणजे कागद. पाणी कुठे कागदावर चालतं! आणि तीन वर्षं त्यांचा अंदाज खरा ठरला. ठराव झाला, तळं तिथेच राहिलं, आणि एकाही अस्पृश्य माणसाने त्यातलं पाणी घेतलं नाही. तळ्याच्या चारी बाजूंनी रस्ते, आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं, काही मुसलमानांची. मुसलमानांना पाणी भरायला अडचण नव्हती. तळं चार-पाच एकरांचं, फार मोठं नाही. अडवायला शिपाई लागत नव्हता, खिडक्याच पुरत होत्या.

रामचंद्र बाबाजी मोरे हा लाडवलीचा, दासगावच्या शाळेत शिकलेला तरुण. अस्पृश्यांची परिषद महाडलाच घ्यायची, असा त्याचा ध्यास. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जिल्ह्यातून, घाटावरून, मुंबईहून हजारो माणसं आली. मार्चमधलं कोकणातलं ऊन, आणि माणसांना प्यायला पाणी हवं. परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव, पावसाळ्यात माळ्यापर्यंत पाणी, मधोमध तळं, आणि ते तळं खुलं असल्याचा नगरपालिकेचा शिक्क्याचा ठराव. तरी पाणी विकत. कुणाच्या ना कुणाच्या घरून ते आलं असेल, कुणीतरी पैसे मोजून घेतले असतील. तेव्हाचे चाळीस रुपये.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचे सहकारी अनंतराव चित्र्यांनी सुचवलं, की नगरपालिकेने ठराव केलेलाच आहे, आपण तो अमलात आणूया. सगळे चार-चारच्या रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. याला आपण सत्याग्रह म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण कायद्याच्या डोळ्याने बघितलं तर ती केवढी साधी गोष्ट होती! संस्थेने ठराव केला होता, संस्थेने तो पाळला नाही, म्हणून नागरिकांनी जाऊन पाळला. कायदा मोडलाच नाही कुणी. मोडली ती सवय.

त्यानंतरचं माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत अशी आवई उठली. मांडवात जेवायला बसलेल्या, वाटेला लागलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं, शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी पाणी ओतून. चार-पाच एकरांच्या तळ्याला १०८ घागरी! पण हिशेब पाण्याचा नव्हताच.

आणि नगरपालिकेने? तिने आपला ठराव मागे घेतला. तारीख ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. तारीख कुणी मुद्दाम निवडली असेल असं वाटत नाही. निवडली असती तर तेवढं तरी भान असतं. मला यात एक गोष्ट मात्र महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ठराव मागे घ्यावा लागला. वीस मार्चपूर्वी तो मागे घ्यायची कुणाला गरजच वाटली नव्हती, कारण तो असून नसल्यासारखा होता. ओंजळभर पाण्याने तो कागद इतका जिवंत केला, की त्याला मारायला पुन्हा सभा बोलवावी लागली.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. गावात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली; सत्याग्रहाचं स्मारक असलेला क्रांतिस्तंभ आज त्याच बाजूला उभा आहे. इकडे १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लागला, की तळं खासगी आहे, चौधरी तळं आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. कोर्टाने तात्पुरती मनाई केली. बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. बोट हरिहरेश्वराला आली, तिथून खाडीने दासगाव, आणि दासगावहून पुढे हजारो माणसांसह चालत. ज्या पाण्याने मीठ आणि सुकट आली, ज्याच्या आधाराने नाना आणि बाजीराव येऊन बसले, त्याच पाण्याने हा माणूस आला. पण आधीच्यांना इथून कुठे ना कुठे निघून जायचं होतं, आणि याला गावातच यायचं होतं. २५ तारखेच्या रात्री बाबासाहेबांचे सहकारी बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळली गेली. मनाई हुकमामुळे तळ्यावर पाणी प्यायला न जाता मिरवणूक तळ्याभोवती फिरून आली. तिथे बायकांसमोर बाबासाहेब जे बोलले, त्याने कित्येकींचं लुगडं नेसणं त्याच दिवशी बदललं, असं सांगतात.

दावा मात्र रेंगाळला. खालच्या कोर्टातून वर, तिथून मुंबई हायकोर्टात. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे निकाल लागला, बाबासाहेबांच्या बाजूने. निकालाचा गाभा दोन गोष्टींचा होता. एक, तळं खासगी नाही, नगरपालिकेचं आहे. दुसरी, रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. कधीतरी कुठल्या तरी साहेबाला वाटलं म्हणून या गावात कमिटी बसली, दिवाबत्तीसाठी कर बसला, आणि त्या निमित्ताने तळं कुणाच्या तरी नावावर चढलं. ते चढलं म्हणून सत्तर वर्षांनी कोर्टाला म्हणता आलं, की हे सार्वजनिक आहे. १८६६ मध्ये हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि मला तेच आवडतं. संस्था चालवणाऱ्यांपेक्षा संस्था कधीकधी जास्त शहाणी निघते. उलटही होतं, फार वेळा होतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामाला विचारलं. आजी तोवर गेली होती.

“मामा, वीस मार्चला आपल्या घरातलं कुणी होतं का रे तिथे?”

“तिथे म्हणजे कुठल्या बाजूला?” मामा म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. “आजोबा दुकान लावून आत बसले होते, एवढंच ऐकलंय. नंतर दोन दिवस दुकान उघडलं नाही.”

“घागरी नेणाऱ्यांत होते?”

“ते कोण सांगणार?”

माझ्या मते हे उत्तर प्रामाणिक आहे. आमच्यासारख्या घरांमध्ये जिन्यावरच्या रेघा सांभाळल्या गेल्या, कारण पूर आमच्यावर आला होता. तळ्यावरचा दिवस सांभाळला गेला नाही, कारण तेव्हा आम्ही कुठे होतो ते सांगावं लागलं असतं. तो दिवस सांभाळला तो बाहेरगावच्या माणसांनी. दरवर्षी वीस मार्चला विदर्भातून, मराठवाड्यातून, मुंबईतून माणसं येतात. रात्रभर एसटीने येतात, तळ्याच्या पायऱ्या उतरतात, पाण्यात हात बुडवतात, ओंजळ कपाळाला लावतात. मी एकदा एका आजोबांना बाटली भरताना बघितलं. दोन बोटांनी वरचा शेवाळाचा पापुद्रा हळूच बाजूला सारत, बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी बाटली पाण्याखाली धरली, बूच लावलं, धोतराच्या सोग्याने बाटली पुसली आणि पिशवीत कपड्यांच्या मधोमध ठेवली. नळ शेजारीच होता.

नगरपालिकेचं पुढे काय झालं? जे सगळ्या लहान नगरपालिकांचं झालं तेच. बंदर रस्त्याने मारलं. मुंबई-गोवा रस्ता सुधारत गेला तसा पडावांचा धंदा बसला. कोकण रेल्वे आली ती गावाबाहेरून, वीर स्टेशनावरून. औद्योगिक वसाहत आली, रासायनिक कारखाने आले, नोकऱ्या आल्या आणि सावित्रीच्या पाण्याला रंग आणि वास आले. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ हजारांच्या घरात. १९६५ च्या कायद्याने नगरपरिषद हे नाव आलं, तरी बाजारात अजून पालिकाच म्हणतात. माझी आजी तर शेवटपर्यंत ‘मुन्शिपाल्टी’ म्हणायची, आणि गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्यामांजराच्या अपराधाला तिलाच जबाबदार धरायची.

पाणी मात्र वाढलं. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. अख्खी घरं माणसांसकट गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. नवा पूल पुढच्या जूनमध्ये उभाही राहिला. एवढ्या झटपट होणारी कामं आपल्याकडे माणसं गेल्यानंतरच होतात. आणि २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथी त्रयोदशी, गुरुपौर्णिमा तोंडावर, म्हणजे खाडीला उधाण. आजीच्या हिशेबात बसणारी सगळी वाईट बेरीज एका दिवशी झाली. तळिये गावावर दरड पडली. महाडमध्ये वीज गेली, फोन गेले, भोईघाट, सुकट गल्ली, बाजारपेठ सगळी पाण्याखाली. मामा वरच्या मजल्यावरून दुसऱ्या दिवशी खाली उतरला तेव्हा दुकानातलं शीतकपाट छताला टेकून तिरकं अडकलं होतं.

चिखल काढायला पुढचे कित्येक दिवस बाहेरून माणसं आली. ठाण्याची, पुण्याची, नवी मुंबईची पालिकेची पथकं पंप आणि गाड्या घेऊन आली. स्वयंसेवी मंडळं आली, आणि त्यांत दरवर्षी मार्चमध्ये येणाऱ्यांपैकीही पुष्कळ जण होते. आमच्या घरातला चिखल खोऱ्याने ओढणाऱ्या एका मुलाने मामाला विचारलं, “काका, तळ्याचं काही नुकसान झालं का हो?” मामाने मला हे फोनवर दोनदा सांगितलं.

आता वाद चालू आहे तो नदीचा. नदीत गाळाची बेटं साठली आहेत. २०२१ नंतर उपसा सुरू झाला, डोंगराएवढा गाळ काठावर पडला, तरी पुरे म्हणायला कुणी तयार नाही. महाडकरांचं म्हणणं, दासगावजवळ रेल्वेच्या भरावाने पाण्याची वाट अरुंद झाली. नगरपालिका म्हणते, नदी आमच्या हद्दीच्या कामात नाही, पाटबंधाऱ्यांकडे जा. तिकडे गेलं की रेल्वेचं नाव निघतं, रेल्वेकडे गेलं की नकाशे निघतात, खाडीचा भाग म्हटलं की बंदर खात्याचं. मी मामाला म्हटलं, तळं तरी एका संस्थेच्या नावावर होतं, म्हणून त्यावर भांडता आलं. ही नदी कुणाच्या नावावर आहे?

“तेच तर विचारलंय,” मामा म्हणाला. व्यापाऱ्यांच्या वतीने त्याने आणि आणखी काही जणांनी मिळून अर्ज केला आहे. चारही कचेऱ्यांना एकच मजकूर, प्रत्येकावर आवक क्रमांक आणि पोच.

“उत्तर आलं का?”

“एकाचं आलं. आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून. ते लावून ठेवलंय फाइलला.”